कुत्र्याचे फोटो : पैसा कुठे घालावा, कुठे घालू नये

घरातल्या कुत्र्याचा एक तरी धड फोटो हवा असं मनात आलं की बहुतेक जण आधी कॅमेऱ्याच्या किमती बघायला लागतात. मग पन्नास-साठ हजारांचा आकडा दिसतो आणि बेत बारगळतो. किंवा त्याहून वाईट, म्हणजे बारगळत नाही. माझं मत सरळ आहे : या कामात कॅमेरा हा शेवटचा खर्च. आधी उजेड, मग कुत्र्याला सांभाळणारा दुसरा माणूस, मग वाटलंच तर पैसे देऊन बोलावलेला फोटोग्राफर, मग छपाई. भिलाईकरांना तर पहिल्या दोन्ही गोष्टींसाठी दमडी मोजावी लागत नाही. टाउनशिपच्या क्वार्टरपुढे अंगण, रस्ते रुंद, दुतर्फा जुनी झाडं, सकाळी रहदारी बेताची. मुंबईत एवढ्या मोकळ्या जागेसाठी लोक फार्महाउस भाड्याने घेतात.

उजेड फुकट आहे, पण वेळ पाळावी लागते

पुण्या-मुंबईच्या मासिकांत सकाळी साडेसातची वेळ उत्तम म्हणून दिलेली असते. भिलाईत त्यातून अर्धा तास वजा करा. भिलाई मुंबईच्या पूर्वेला साडेआठ अंशांवर आहे, दर अंशाला चार मिनिटं, आणि घड्याळ मात्र देशभर एकच. म्हणून इथे सूर्य अर्ध्या तासाहून थोडा आधीच उगवतो. मे महिन्यात साडेपाचच्या आत उजाडलेलं असतं आणि सातला ऊन चटके देऊ लागतं. डिसेंबरच्या अखेरीस सूर्योदय साडेसहाच्या पुढे जातो, हवेत हलकं धुकं असतं, आणि आठ-साडेआठपर्यंत उजेड मऊ राहतो. संध्याकाळी मात्र साडेपाचलाच सगळं आटोपतं, तेव्हा डिसेंबरात ऑफिसहून येऊन फोटो काढू म्हणणाऱ्यांना अंधारच मिळायचा.

उन्हाळ्यात दुपारचा विचारही नको. भिलाईचा पारा मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवलं नाही तर कुत्र्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. शिवाय धापा टाकणाऱ्या कुत्र्याचा फोटो हसरा वाटला तरी तो हसत नसतो, उकाड्याने बेजार असतो.

घराबाहेर पडायचं नसेल तर व्हरांडा हा सगळ्यात चांगला स्टुडिओ. कुत्रा सावलीत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे, आणि तुम्ही उजेडाकडे पाठ करून जमिनीवर बसलेले. डोळ्यांत आकाशाचा पांढरा ठिपका दिसला की जागा जमली. खोलीच्या आत ट्यूबलाइटखाली फोन स्वतःहून शटर हळू करतो आणि शेपटीपासून कानापर्यंत सगळं फरफटलेलं येतं. फ्लॅश तर बंदच ठेवा. कुत्र्याच्या डोळ्यांच्या मागे उजेड परतवणारा एक थर असतो, त्यामुळे फोटोत हिरवे-पिवळे दिवे लागल्यासारखे डोळे येतात.

जागांबद्दल दोन गोष्टी. मैत्रीबाग कितीही देखणी असली तरी ते प्राणिसंग्रहालय आहे, तिथे कुत्रा घेऊन जायचं नाही. आणि पोलाद कारखान्याच्या गेट-भिंतींच्या आसपास कॅमेरा काढू नका, ड्रोनचा तर विषयच नको. भट्ट्यांची चिमणी मागे घेऊन लॅब्राडोरचा फोटो भारी दिसेल हे खरं. सुरक्षारक्षकाला ते पटवून द्यायला पहाटेची वेळ मात्र योग्य नाही.

हातात फोन आहे तोवर

या टप्प्याचं बजेट पाचशे रुपयांच्या वर जायला नको. शंभर-दीडशेचं चूं-चूं वाजणारं खेळणं, उकडलेलं चिकन (मीठ-हळद न घालता, नखाएवढे तुकडे), आणि एक निळा किंवा पिवळा चेंडू. रंगाला कारण आहे. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल-हिरव्यातला फरक जवळजवळ कळत नाही. हिरवळीवर लाल चेंडू टाकलात तर तो नाक खाली घालून वासाने शोधत बसतो आणि तुम्हाला पाठमोरे फोटो मिळतात.

दुसरा माणूस का लागतो, ते पहिल्या पाच मिनिटांतच कळतं. एकाने पट्टा धरायचा आणि तुकडा लेन्सच्या शेजारी दाखवायचा, दुसऱ्याने फक्त फोटो काढायचा. चूं-चूं खेळणं पहिल्यांदा वाजवलं की कान ताठ होतात, मान तिरकी होते, तोच फोटो. दुसऱ्यांदा अर्धंच काम करतं. तिसऱ्यांदा कुत्रा फोटो सोडून खेळण्यावर झेप घेतो. तेव्हा सगळी तयारी झाल्याशिवाय ते खिशातून बाहेर काढू नका. तुकडा दिल्या दिल्याही काढू नका. चघळणारं तोंड कुणालाच शोभत नाही.

कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं, पाय आखूड आणि पार्श्वभूमीला फरशी येते. मॅग्नम संस्थेतला एलियट एरविट हा कुत्र्यांच्या फोटोंसाठी जगभर नावाजलेला छायाचित्रकार. १९७४ मधल्या त्याच्या न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध फोटोत कॅमेरा फुटपाथला टेकल्यासारखा आहे : चौकटीत एका मोठ्या कुत्र्याचे पाय, बाईचे बूट, आणि टोपी घातलेला चिमुकला चिवावा. तो कुत्र्यांचं लक्ष वेधायला स्वतः भुंकायचासुद्धा. सेक्टरमधल्या शेजाऱ्यांना चालणार असेल तर याला खर्च काहीच नाही.

फोन अगदी नाकाशी नेऊ नका, नाक भोपळ्याएवढं येतं. दोन पावलं मागे सरा आणि दोन-तीन पट झूमची लेन्स असेल तर ती वापरा. पोर्ट्रेट मोड मिशा आणि कानांवरचे केस कापून टाकतो. गुळगुळीत अंगाच्या कुत्र्याला तो चालतो, पॉमेरेनियनला नाही. पळत्या कुत्र्यासाठी सलग फोटो घेणारा बर्स्ट मोड वापरा, शंभरातले दोन ठेवा, बाकीचे त्याच दिवशी पुसा. आणि लेन्स पुसायची. चाट्या कुत्र्याच्या घरात ही सूचना वायफळ नाही.

काळा लॅब्राडोर ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करडं असावं असं वाटतं. चौकट काळ्या केसांनी भरली की तो बिचारा उजेड वाढवतो, कुत्रा राखाडी होतो आणि मागची भिंत पांढरी फटक. फोनवर कुत्र्याच्या तोंडावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं चिन्ह दिसेल, ते थोडं खाली ओढा. पांढऱ्या कुत्र्याला उलट, थोडं वर. काळ्या कुत्र्याला समोरून येणाऱ्या उजेडापेक्षा बाजूने येणारा उजेड मानवतो. केसांची चमक आणि गालाचा उंचवटा तेव्हाच दिसतो, नाहीतर दोन डोळे आणि एक काळी आकृती एवढंच उरतं.

कुत्रा पुन्हा पुन्हा जांभया देतोय, नाक चाटतोय, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवतोय, कान मागे पाडतोय, तर तो वैतागला आहे. थांबा. दहा-पंधरा मिनिटांपुढे सहसा चांगला फोटो मिळतही नाही.

फोटोग्राफर बोलवायचा असेल तर

दिल्ली-मुंबई-बेंगळुरूत फक्त पाळीव प्राण्यांचेच फोटो काढणारे लोक आहेत आणि त्यांचे दर दहा हजारांच्या पुढे सहज जातात. दुर्ग-भिलाई-रायपूर पट्ट्यात तुम्ही बहुधा लग्नाच्याच फोटोग्राफरशी बोलत असाल. त्यात काही बिघडत नाही, पण त्याच्याकडे स्टेजवरच्या वरमालेचे फोटो बघू नका. दोन-तीन वर्षांच्या मुलांचे बघा. ज्याला न ऐकणाऱ्या, न थांबणाऱ्या पोराचा फोटो साधतो त्याला कुत्र्याचाही साधेल.

खर्चाचा मुख्य खेळ तारखेत आहे. या भागात खरमास पाळतात. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत लग्नं लागत नाहीत, फोटोग्राफर मोकळे असतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे उजेड व हवा दोन्ही वर्षातले सगळ्यात चांगले असतात. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पुन्हा तसाच महिना येतो, फक्त तेव्हा ऊन तापायला लागलेलं असतं. याच माणसाला फेब्रुवारीत किंवा मेमध्ये विचारलंत तर आधी तारीख मिळणार नाही, मिळाली तर दर वेगळा असेल. चातुर्मासातही घासाघीस होते, पण पावसात चिखल आणि गोचिड्यांची तयारी ठेवा.

घरी येऊन एक ते दीड तास, पंधरा-वीस नीट एडिट केलेले फोटो, डिजिटल फाइल तुमच्या हातात. एवढ्या कामाला तीन ते सहा हजारांत बसवावं असं मला वाटतं. रायपूरहून कुणी येणार असेल तर येण्याजाण्याचे पैसे धरून हजारभर अधिक. आल्बमचं पॅकेज गळ्यात मारू देऊ नका. चाळीस पानांचा करिझ्मा आल्बम लग्नाला ठीक आहे, एका कुत्र्याचे चाळीस पानं भरतील एवढे मूड नसतात. पट्टा एडिटमध्ये पुसून देण्याचे वेगळे पैसे लागतात का, तेही आधीच विचारा. भर रस्त्यावर पट्टा सोडून फोटो काढायला कुणी सुचवलं तर पट्टा पुसण्याचे दोनशे रुपये देणं कधीही स्वस्त.

स्टुडिओत न्यायचं की घरी? घरी. अनोळखी वास, घसरणारी फरशी, डोळ्यांवर फाडफाड फुटणारे फ्लॅश, यात शहाणा कुत्राही टेबलाखाली शिरतो. तुम्ही मात्र तासाचे पैसे मोजत असता. आदल्या दिवशी महागडं ग्रूमिंग करून आणणंही टाळा. आंघोळ दोन-तीन दिवस आधी घाला, म्हणजे केस पिंजल्यासारखे न दिसता नीट बसतात. घरच्या आंघोळीला शांपूचेच काय ते पैसे. दाट, गुंतलेल्या केसांच्या कुत्र्यासाठीच ग्रूमरकडे जावं.

आता कागदपत्रं, कारण भांडणं इथेच होतात. आगाऊ रक्कम चौथा हिस्सा ते एक तृतीयांश, त्याहून जास्त नको. व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण लिहून घ्या : तारीख, किती फोटो, किती दिवसांत, कुत्रा आजारी पडला किंवा पाऊस आला तर दुसरी तारीख मिळणार की आगाऊ रक्कम बुडणार. जीएसटीचं गणितही ठाऊक असावं. नोंदणी असलेला फोटोग्राफर १८ टक्के लावतो, म्हणजे सहा हजारांचे ७,०८० होतात. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असणाऱ्याला साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला तुमच्याकडून जीएसटी घेताही येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल आणि कर मात्र लावलेला असेल, तर तो कर द्यायचा नाही.

फोटो कुणाचा, यावर लोकांची गैरसमजूत मोठी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की मोबदला देऊन, तुमच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही, वेगळा करार नसेल तर. या शेवटच्या चार शब्दांतच सगळी मेख आहे. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ असं छापलेलं असेल आणि त्याखाली तुमची सही असेल, तर झाला वेगळा करार. सही करण्याआधी ते वाक्य खोडायला सांगा. त्याला इन्स्टाग्रामवर जाहिरातीसाठी फोटो वापरायचे असतील तर वापरू द्यावेत, मी तरी देईन, पण त्या बदल्यात दरात पाचशे-हजार कमी करून मागायला लाजू नये.

कॅमेरा, अगदीच घ्यायचा असेल तर

फोन हातात धरून सहा महिने नियमित फोटो काढत असाल आणि पळत्या कुत्र्याचे फोटो फोनला झेपत नाहीत अशी खात्री झाली असेल, तरच पुढे वाचा. दोन वाटा आहेत. जुना, सेकंडहँड डीएसएलआर किटलेन्ससह साधारण वीस-पंचवीस हजारांत बसतो, त्यावर दहा-पंधरा हजारांची ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स. नाहीतर नवा मिररलेस, साठ ते नव्वद हजार. मिररलेसचे जास्तीचे पैसे कशाचे, तर मुख्यतः प्राण्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याच्या सोयीचे. सोनीने २०१९ मध्ये ए७ थ्री या कॅमेऱ्यात ती सॉफ्टवेअर अपडेटने दिली आणि पुढे कॅनन, निकॉनमध्येही ती आली. पळणाऱ्या कुत्र्यासाठी ती सोय खरंच पैसे वसूल करते. व्हरांड्यात बसणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी नाही.

एफ १.८ घेतली म्हणून १.८ वरच फोटो काढायचे नसतात. जर्मन शेफर्डसारख्या लांब तोंडाच्या कुत्र्याचं नाक स्पष्ट आणि डोळे धूसर येतात. एफ ४ वर ठेवा. बसलेल्या कुत्र्याला शटर १/२५० सेकंद पुरतं, धावणाऱ्याला १/१००० लागतं.

सेकंडहँड घेताना लेन्स टॉर्चच्या उजेडात धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का बघा. ती बुरशी. छत्तीसगडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते आणि साफ करायचा खर्च कधी कधी लेन्सच्या किमतीच्या घरात जातो. स्वतःची लेन्स वाचवायला हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल, तीन-चारशे रुपये, बस्स. ऑनलाइन पाच-सात हजार स्वस्त दिसणारा ‘इंपोर्टेड’ माल बहुधा भारतातल्या वॉरंटीशिवाय येतो. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, पक्कं बिल नसेल तर स्वस्ताईचं रहस्य तेच. आणि एकाच दिवसासाठी हवा असेल तर रायपूरहून भाड्याने आणा. अनामत रक्कम किती आणि ओरखड्याचे पैसे कोण देणार, हे हातात घेण्याआधी ठरवा.

छपाईला हात आखडू नका

सगळ्यात कमी पैसे लोक इथे घालतात, आणि माझ्या मते कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी इथे घालावेत. चार बाय सहाचे प्रिंट दहा-वीस रुपयांत होतात, बारा बाय अठराचा चांगला लॅब प्रिंट दीड-दोनशेत, फ्रेमसह हजाराच्या आत सगळं. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर साधी पाठवू नका, ती आकसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह द्या. काळ्या कुत्र्याचा फोटो असेल तर काउंटरवर ‘ऑटो करेक्शन बंद रखना’ असं स्पष्ट सांगा. लॅबचं मशीनही कॅमेऱ्यासारखंच, काळ्याचं करडं करून टाकतं आणि तुमची सगळी मेहनत दोन सेकंदांत पुसते. आधी एक छोटा प्रिंट काढून दाराशी नेऊन उजेडात बघा, मग मोठा सांगा. फोनचा स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलेला फोटो कागदावर हमखास काळपट येतो.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी

घर शोधणाऱ्या पिल्लांचे फोटो काढायला पैसे लागत नाहीत, अक्कल लागते. शेजारी माणसाचा हात किंवा चप्पल येऊ द्या म्हणजे आकार कळतो. एक फोटो तोंडाचा, एक पूर्ण अंगाचा, एक कानाचा. कानाचं टोक कापलेलं असेल तर नसबंदी झालेली आहे, आणि घर देणाऱ्याला हे जाणून घ्यायचं असतं. अनोळखी कुत्र्यावर लेन्स रोखून पुढे सरकू नका. टक लावून बघणारा मोठा डोळा त्याला धमकी वाटतो. बाजूला तोंड करून बसा, त्याला येऊ द्या. चावलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी दवाखाना गाठा. फोटो नंतर.

पैसे दिले आणि फोटो मिळाले नाहीत

आधी लेखी निरोप पाठवा, त्यात उत्तरासाठी तारीख घाला. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही काम झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग. फोटोग्राफर रायपूरचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे दुर्गमध्ये, तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. मित्राने फुकट काढून दिलेल्या फोटोंवर मात्र हा कायदा लागू होत नाही, तेव्हा ते बिघडले तर चहा पाजून दुसऱ्या रविवारी पुन्हा बोलवावं. पैसे यूपीआयने द्या, ‘कुत्र्याचे फोटो, आगाऊ’ असं टीपेत लिहा, आणि चॅट पुसू नका. आयोगासमोर करार म्हणून तेवढंच कामी येतं.